कॅमेरा निवडताना : मेगापिक्सेल नव्हे, काम मोजा

माल गिऱ्हाईकाच्या हातात पडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर जाते, ही आजच्या व्यापाराची रीत झाली आहे. मालेगावची साडी असो, औरंगाबादी हिमरू असो, मिरजेची सतार असो की कोल्हापुरी चप्पल असो. परगावचा खरेदीदार ती प्रथम फोनच्या पडद्यावर पाहतो, मग भाव विचारतो आणि मगच मागणी नोंदवतो. म्हणून ‘कोणता कॅमेरा घ्यावा?’ हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. लहान कारागिराच्या दृष्टीने तर कॅमेऱ्यात गुंतणारी रक्कम म्हणजे कच्च्या मालाची एक-दोन महिन्यांची सोय असते. ती चुकीच्या वस्तूत अडकली तर धंद्याला ओढ लागते.

या लेखात आम्ही कोणत्याही एका मॉडेलची शिफारस करणार नाही. मॉडेल वर्ष-दोन वर्षांत बदलतात. निवडीची तत्त्वे मात्र बदलत नाहीत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रथम आपले काम कागदावर लिहावे, त्या कामाला लागणारा प्रकाश, भिंग आणि सेन्सर यांचा विचार करावा आणि कॅमेऱ्याचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. बाजारात बहुधा याच्या उलट क्रमाने खरेदी होते आणि तेथेच पैसा वाया जातो.

मेगापिक्सेलचा खरा हिशेब

डिजिटल छायाचित्रणाची सुरुवात फार लहान आकड्यांपासून झाली. प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी सीसीडी ही चकती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली कल्पिली. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, छायाचित्र कृष्णधवल होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्या चित्रात अवघे १०,००० ठिपके होते, म्हणजे एका मेगापिक्सेलचा शंभरावा भाग. पुढील कित्येक वर्षे ठिपके खरोखरच कमी पडत होते, म्हणून मेगापिक्सेल वाढणे ही खरी प्रगती होती. ती गरज केव्हाच भागली. जाहिरातीतील सवय मात्र राहिली.

हिशेब करून पाहावा. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके पुरेसे मानले जातात. त्या मापाने चार बाय सहा इंचांच्या फोटोला १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २ मेगापिक्सेल लागतात. ए-फोर आकाराच्या पूर्ण पानाला ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. ४के दूरचित्रवाणीचा संपूर्ण पडदा ८.३ मेगापिक्सेलचा असतो. म्हणजे दुकानाचे कॅटलॉग, परिचयपत्रक, वेबसाइट आणि घरातील अल्बम या सर्वांना १२ मेगापिक्सेल पुरून उरतात. २४ मेगापिक्सेल असले की चित्राचा काही भाग कापून मोठा करण्यास सवड मिळते, इतकाच लाभ.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणजे चित्र दुप्पट स्पष्ट होते, असे नाही. १२ चे २४ मेगापिक्सेल झाले तर चित्राची लांबी आणि रुंदी प्रत्येकी दीडपटीपेक्षाही कमी वाढते. फोनवर ५० मेगापिक्सेल लिहिलेले असले तरी बहुतेक फोन चार-चार ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलच्या आसपासचेच चित्र देतात, आणि ते योग्यच आहे.

सेन्सरचा आकार : येथे भाव ठरतो

पावसाचे पाणी साठवायचे तर घमेल्यापेक्षा परातीत अधिक पाणी पडते. सेन्सरचे तसेच आहे. त्याचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका प्रकाश अधिक गोळा होतो, आणि कमी उजेडात चित्र तितके स्वच्छ येते. बाजारातील मुख्य मापे अशी आहेत. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी हा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २२५ चौरस मिलिमीटरचा. ‘एक इंची’ म्हटला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. आणि स्वस्त खिशातील कॅमेऱ्यांत येणारा १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो.

या शेवटच्या आकड्याकडे व्यापारी बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. आज अनेक मध्यम किमतीच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याहून मोठा असतो. म्हणजे ‘फोनपेक्षा कॅमेरा बरा’ असे समजून कोणी लहान सेन्सरचा स्वस्त कॅमेरा घेतला, तर लांबचे चित्र जवळ आणण्याची सोय सोडल्यास त्याच्या पदरी काही पडत नाही. अनोळखी नावाचे, मोठमोठे मेगापिक्सेल छापलेले स्वस्त कॅमेरे तर टाळावेतच. त्यांत अनेकदा सेन्सर लहान असतो आणि वाढीव ठिपके आकडेमोडीने भरलेले असतात. फोनने या वर्गाचा बाजार कसा खाल्ला, हे आकड्यांवरून दिसते. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली ती संख्या ८० लाखांच्या खाली आली होती.

तेव्हा आमचे मत असे : एक तर हातातील फोन नीट वापरावा, नाही तर निदान एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा, भिंग बदलता येणारा कॅमेरा घ्यावा. भिंग बदलण्याची यातायात नको असेल तर एक इंची सेन्सरचा लहान कॅमेरा ही मधली वाट आहे. त्याखालील वर्गावर पैसा घालू नये.

भिंग : वस्तूचा आकार तेच बिघडवते

फोनचे मुख्य भिंग रुंद नजरेचे असते. फोन वस्तूच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढला की पुढचा भाग फुगतो आणि मागचा लहान होतो. सुमारे चार फुटांची सतार भोपळ्याच्या बाजूने जवळून टिपली तर भोपळा अवाढव्य दिसतो आणि दांडी निमुळती होत जाते. चप्पल अंगठ्याकडून टिपली तर तिचा घाटच बिघडतो. कारागिराने ज्या प्रमाणबद्धतेसाठी दिवस घालवले, ती एका क्षणात नाहीशी होते. उपाय बिनखर्चाचा आहे : तीन-चार पावले मागे जावे आणि फोनमध्ये दुपटीचे वेगळे भिंग असल्यास ते वापरावे.

कॅमेरा घेतलाच तर त्याच्यासोबत बहुधा १८-५५ किंवा १६-५० मिलिमीटरचे झूम भिंग येते. शिकण्यासाठी ते चांगले आहे. त्याचे लांबचे टोक वापरून, थोडे दूर उभे राहून काढलेल्या चित्रात वस्तूचा घाट नीट राहतो. दुसरे भिंग घ्यायचेच तर ५० मिलिमीटर, एफ १.८ हे घ्यावे. हा वर्ग सर्वच मोठ्या कंपन्यांत तुलनेने स्वस्त असतो. एफचा आकडा जितका लहान तितके भिंगाचे तोंड मोठे. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ मधून नऊपटीहून अधिक प्रकाश आत येतो. म्हणजे जे चित्र घेण्यास १/१५ सेकंद लागतो, ते सुमारे १/१२५ सेकंदात घेता येते. पहिल्यात खेळणारे मूल पुसट येते, दुसऱ्यात स्थिर येते.

अंगठी, खडे आणि जरीचा एकेक टाका यांचे काम करणाऱ्यांची गरज वेगळी आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर साधे झूम भिंग जवळात जवळ नेले तरी साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. कुर्त्यावरील भरतकामाला ते पुरते. अंगठीला पुरत नाही. तेथे एकास एक मापाचे मॅक्रो भिंग लागते. म्हणून आपली विकाऊ वस्तू किती सेंटिमीटरची आहे, हे मोजूनच दुकानात जावे.

स्थिर मालाला तिपाई, हलत्या विषयाला कॅमेरा

सर्वांत अधिक पैसा वाचवणारी गोष्ट येथे सांगतो. टेबलावर ठेवलेला माल हलत नाही. कॅमेरा किंवा फोन तिपाईवर पक्का बसवला, दोन सेकंदांचा टायमर लावला, कॅमेऱ्यात आयएसओ १०० आणि एफ ८ ठेवले, तर प्रकाश कमी असला तरी पाव किंवा अर्धा सेकंद झडप उघडी ठेवून स्वच्छ चित्र मिळते. अशा कामात दहा वर्षांपूर्वीचा कॅमेरा आणि आजचा महागडा कॅमेरा यांतील फरक गिऱ्हाईकाला ओळखता येत नाही. महाग कॅमेऱ्याची खरी कमाई हलत्या विषयात असते. मंद उजेडातील लग्नाचा मंडप, धावणारी मुले, उडणारे पक्षी, मैदानावरील सामना, येथे मोठा सेन्सर आणि विषयाच्या मागे धावणारा फोकस उपयोगी पडतो.

यावरून निवड आपोआप स्पष्ट होते. फक्त मालाचे फोटो हवे असतील तर तिपाई आणि प्रकाश यांवर खर्च करावा. घरचे समारंभ आणि हौस हेही साधायचे असेल तर एपीएस-सी कॅमेरा व एफ १.८ चे भिंग ही जोडी बहुतेकांना वर्षानुवर्षे पुरते. फुल फ्रेमकडे वळण्याचे कारण छायाचित्रण हाच व्यवसाय असणे, हे होय.

प्रकाश आणि रंग : येथे व्यवहार जोडला आहे

परगावच्या गिऱ्हाईकाने मोरपिशी पाहून मागवलेले कापड हातात पडल्यावर हिरवे निघाले, तर माल परत येतो, जाण्या-येण्याचे भाडे अंगावर पडते आणि पुढची मागणी थांबते. माल चांगला असूनही बदनामी होते. असे बहुधा कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर मिश्र प्रकाशामुळे होते. पिवळ्या दिव्याचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा. दोन्ही एकाच कापडावर पडले तर खरा रंग कोणता, हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही.

म्हणून एकाच जातीचा प्रकाश वापरावा. उत्तरेकडील खिडकीचा, थेट ऊन नसलेला उजेड उत्तम. त्याच्या समोरच्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावल्या मऊ होतात. रात्री काम करायचे असेल तर सीआरआय ९० किंवा अधिक असलेले एलईडी दिवे घ्यावेत आणि घरातील बाकीचे दिवे बंद करावेत. प्रत्येक बैठकीच्या आरंभी कोऱ्या पांढऱ्या कागदावर किंवा करड्या कार्डावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स पक्का करावा. तांब्या-पितळेची भांडी आणि अत्तराच्या कुप्या यांवर समोरच्या खोलीचे प्रतिबिंब पडते. दिव्यापुढे पांढरे मलमल ताणून धरले की ते सौम्य होते.

कापड व्यापाऱ्यांना आणखी एक अडचण येते. बारीक, समान विणीच्या कापडावर चित्रात इंद्रधनुषी लाटा उमटतात. कापडाची वीण आणि सेन्सरवरील ठिपक्यांच्या ओळी एकमेकींत गुंतल्याने हे होते. कापडात दोष नसतो. कॅमेरा थोडा पुढे-मागे करावा किंवा किंचित तिरपा धरावा, म्हणजे लाटा जातात.

फोटोवर नंतर रंग चढवण्याचा मोह आवरावा. उजेड थोडा वाढवणे वेगळे आणि फिकट माल गडद दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आजची विक्री होते आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. मालात डाग किंवा गाठ असल्यास तिचाही एक फोटो द्यावा. घासाघीस कमी होते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकुंचन पावते. बारकावे दाखवायचे असतील तर तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

आरसा असलेला की नसलेला ?

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा असतो आणि डोळ्याला भिंगातून थेट दृश्य दिसते. मिररलेसमध्ये आरसा नसतो; सेन्सर जे पाहतो ते पडद्यावर दिसते. पॅनासॉनिकने २००८ साली जी-१ हा भिंग बदलता येणारा पहिला मायक्रो फोर थर्ड्स मिररलेस कॅमेरा आणला. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ साली फुल फ्रेम मिररलेसमध्ये पाऊल टाकले, आणि पुढे उद्योगाचा सर्व भर तिकडेच गेला. नवा कॅमेरा घ्यायचा तर मिररलेस घेणे शहाणपणाचे आहे. नवी भिंगे त्यासाठीच निघतात. मात्र याच कारणाने जुन्या बाजारात चांगले डीएसएलआर व त्यांची भिंगे उतरत्या भावात मिळतात. मालाचे फोटो आणि शिकण्याची हौस यांसाठी तो सौदा फायद्याचा ठरू शकतो. बॅटरीच्या बाबतीतही डीएसएलआर सरस आहे. साध्या मिररलेसची बॅटरी एका भरणीत साधारण ३०० ते ४५० चित्रे देते, तेव्हा दुसरी बॅटरी जवळ लागतेच.

जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी तपासाव्यात. झडप किती वेळा उघडली हा आकडा विचारावा. साध्या डीएसएलआरची झडप बहुधा एक लाख उघडझापांसाठी बनवलेली असते. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. भिंगातून टॉर्चचा प्रकाश सोडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, ते पाहावे. आणि विक्रेत्याकडून क्रमांकासह पावती घ्यावी.

पूर्ण खर्च आणि खरेदीची रीत

खोक्यावरील किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. कार्ड, दुसरी बॅटरी, तिपाई, दिवे, पिशवी आणि चित्रे जपण्यासाठी हार्ड डिस्क हे सर्व लिहून बेरीज करावी. आमचा ठोकताळा असा की, एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक भाग केवळ कॅमेऱ्याच्या अंगावर खर्च करू नये. उरलेला भिंग, तिपाई आणि प्रकाश यांसाठी राखावा. कॅमेरा जुना होतो; चांगले भिंग आणि तिपाई पुढच्या कॅमेऱ्यालाही चालतात.

ही बेरीज हाती आली की तिला पाच वर्षांतील बैठकांच्या संख्येने भागावे. वर्षातून दोनदाच कॅटलॉग करणाऱ्याच्या वाट्याला अवघ्या दहा बैठका येतात. एका बैठकीचा हा खर्च गावातील छायाचित्रकाराच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा अधिक निघाला, तर कॅमेरा न घेणे हाच योग्य निर्णय. दर आठवड्याला नवा माल काढणाऱ्याचा हिशेब वेगळा येईल. मुंबई-पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्यानेही मिळतात; घेण्यापूर्वी एक दिवस वापरून पाहावे.

‘शून्य टक्के व्याज’ या पाटीबद्दल सावध राहावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवलेले असते. व्याजापासून दूर राहणाऱ्या वाचकांनी तर रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहूनच पाहावी.

पक्की पावती नेहमी घ्यावी. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी कॅमेरा घेतला आणि पावतीवर स्वतःचा जीएसटी क्रमांक घातला, तर या कराचे क्रेडिट घेता येते. मात्र त्या कराच्या रकमेवर घसारा धरला असेल तर क्रेडिट मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ते नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा अन्यत्र भाव फारच कमी सांगितला गेला, तर खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, आणि कंपनीचे भारतातील हमीपत्र मिळते का, हे पाहावे. हमी नसलेल्या मालाची स्वस्ताई पहिल्याच दुरुस्तीत संपते. दुकानात जाताना आपला एक नमुना आणि स्वतःचे कार्ड सोबत न्यावे, तेथेच चित्रे काढावीत आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहून मग निर्णय घ्यावा.

पावसाळ्यातील निगा

कोकण आणि मुंबईतील दमट हवा भिंगाची मोठी वैरी आहे. पावसाळ्यात चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरते आणि ती काचेवरील लेप खाते. हवाबंद डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असे पाहावे. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. याहून चांगली निगा म्हणजे कॅमेरा रोज वापरणे.

सारांश

१) वस्तूचे माप, उजेड आणि वर्षातील बैठका लिहून काढाव्यात. २) माल स्थिर असेल तर प्रथम फोन, तिपाई आणि खिडकीचा उजेड यांवर एक महिना काम करून पाहावे. ३) त्यानंतरही नेमकी कोणती उणीव राहते, ते एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर कॅमेऱ्याची गरज नाही. ४) लिहिता आले, तर त्या उणिवेला उत्तर देणारे भिंग आधी निवडावे आणि त्याला जोडणारा एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा नंतर. ५) पूर्ण खर्चाची बेरीज, पक्की पावती आणि भारतातील हमी यांवाचून पैसे देऊ नयेत. ६) चित्रात माल जसा आहे तसाच दिसावा. गिऱ्हाईकाने खोके उघडल्यावर त्याला फोटोतलाच रंग दिसला, तर दुसरी मागणी येण्यास वेळ लागत नाही.